सीडींच्या कडा तपकिरी पडताहेत, शेवटची गाणी अडखळताहेत: आधी काय वाचवावं?

मंद्र

संग्रह साधारण चारशे सीडींचा. बहुतेक कारखान्यात छापलेल्या, १९८५ ते २००५ दरम्यानच्या. साठेक सीडी-आर आहेत, संगणकावर राइट केलेल्या. त्यांतल्या काहींवर खासगी ध्वनिमुद्रणं आहेत आणि त्यांची दुसरी प्रत कुठेच नाही.

तपासताना तीन गोष्टी आढळल्या. काही सीडी दिव्यासमोर धरल्या की टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसतात, पण वाजतात व्यवस्थित. दोन-तीन सीडींची बाहेरची कड तपकिरी झाली आहे आणि शेवटच्या दोन ट्रॅकमध्ये टकटक ऐकू येते. आणि काही सीडी-आर प्लेअर ओळखतच नाही, संगणकाच्या ड्राइव्हमध्ये मात्र उघडतात.

कुठल्या सीडी आधी हातात घ्याव्यात? रिप (सीडीवरचा ध्वनी संगणकात फाइल म्हणून उतरवणं) अचूक झालं हे नुसतं ऐकून ठरवायचं नसेल तर कसं ठरवायचं? आणि रिप केलेल्या फाइल पुढची वीस-तीस वर्षं कशा सांभाळायच्या? एमपी३ नको, तेवढं ठरलं आहे.

चक्रनेमी

तिन्ही लक्षणांची कारणं वेगळी आहेत, त्यामुळे घाईसुद्धा वेगवेगळी.

सीडी म्हणजे १.२ मि.मी. जाडीची पॉलिकार्बोनेटची चकती. माहितीचे खड्डे तिच्या वरच्या पृष्ठभागावर असतात. त्यांवर ५० ते १०० नॅनोमीटरचा ॲल्युमिनियमचा थर, त्यावर काही मायक्रॉन लॅकर (संरक्षक वार्निश), आणि त्यावर छपाईची शाई. म्हणजे लेसर ज्या बाजूने वाचतो तिथे सव्वा मिलिमीटरचं संरक्षण आहे आणि छापील बाजूने जवळजवळ काहीच नाही. सगळे जण खालची चकचकीत बाजू जपतात आणि सीडी छापील बाजू खाली करून टेबलावर ठेवतात. जपायची बाजू ती, वरची.

भोकं: यातली बरीचशी कारखान्यातच राहिलेली असतात. धातूचा थर चढवताना धुळीचा कण आडवा आला की तिथे भोक राहतं. सीडीची त्रुटी-दुरुस्तीची पद्धत ट्रॅकच्या लांबीवर सुमारे २.५ मि.मी.पर्यंतची सलग तूट पूर्णपणे भरून काढते, त्यामुळे टाचणीच्या टोकाएवढ्या भोकाने काही बिघडत नाही. पाहायचं ते भोकं वाढताहेत का, एवढंच. सीडी एका ठरावीक दिव्यासमोर ठरावीक अंतरावर धरून फोटो काढा आणि सहा-आठ महिन्यांनी तसाच पुन्हा काढा. नवी भोकं दिसली, किंवा जुनी एकमेकांना मिळून कडेकडून आत सरकलेली दिसली, तर तो गंज. ओलावा लॅकरमधून किंवा कडेवरच्या फटीतून शिरतो, ॲल्युमिनियमचं ऑक्साइड होतं आणि ते पारदर्शक असल्यामुळे उजेड आरपार येतो.

तपकिरी कड: हे ॲल्युमिनियमचं काम नाही. तिथे परावर्तक थर चांदीचा असतो, आणि चांदीला गंधक लागलं की सिल्व्हर सल्फाइड होऊन रंग बदलतो. इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या पीडीओ कारखान्यातून १९८८ ते १९९३ दरम्यान निघालेल्या अनेक सीडी याच कारणाने गेल्या: पुस्तिकेच्या कागदातल्या गंधकाला तिथलं लॅकर टिकलं नाही. सीडीच्या मधल्या कड्यावर बारीक अक्षरांत कारखान्याचं नाव असतं, ते भिंगाने वाचा. ‘पीडीओ’ आणि ‘यूके’ दिसलं तर त्या कारखान्याच्या संग्रहातल्या सगळ्या सीडी बाजूला काढा, अजून चंदेरी दिसत असल्या तरीही. या सीडींची प्रकृती सुधारत नाही. कडेकडून सुरू होऊन रंग आत सरकत जातो. सीडी आतून बाहेर वाचली जाते, म्हणून शेवटचे ट्रॅक आधी जातात. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या अल्बमची माहिती कडेपर्यंत पोहोचतच नाही, तो तेवढा जास्त टिकतो.

आणखी एक तपासा. जुन्या जाड दुहेरी डब्यांत सीडीवर दाब राहावा म्हणून स्पंजचा तुकडा घातलेला असे. तो स्पंज कुजून चिकट होतो आणि छापील बाजूला डकतो. तो आजच काढून टाका. चिकटला असेल तर ओढू नका, सीडी आधी रिप करा आणि मग त्याच्या वाटेला जा.

क्रम असा लावेन: ज्यांची दुसरी प्रत नाही त्या सीडी-आर, मग तपकिरी पडलेल्या, मग स्पंजवाल्या, मग भोकांच्या, आणि शेवटी ज्या आजही सहज मिळतात त्या.

सहस्रबिंदू

‘नुसतं ऐकून ठरवायचं नसेल तर’ हे बरोबर ओळखलंत. ऐकून ते कळतही नाही. दुरुस्ती जमली नाही की प्लेअर शेजारच्या नमुन्यांवरून (नमुना म्हणजे ध्वनीचं एका क्षणाचं मोजमाप) मधली जागा अंदाजाने भरतो आणि कानाला काही जाणवत नाही. टकटक ऐकू येते तेव्हा अंदाज लावण्याचीही मर्यादा संपलेली असते. म्हणून पुरावा आकड्यांत हवा.

रिप करायला विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी (ईएसी) किंवा क्यूरिपर, मॅकवर एक्सएलडी, लिनक्सवर व्हिपर. खाली ईएसीचं लिहितो, तत्त्व सगळीकडे तेच.

रीड मोड ‘सिक्युअर’ ठेवा. ड्राइव्ह ऑडिओ कॅश करतो का (वाचलेला भाग तात्पुरता स्वतःजवळ ठेवतो का) हे तपासून तो पर्याय चालू करा. बहुतेक करतात, आणि तो पर्याय बंद राहिला तर दुसऱ्यांदा वाचल्यासारखं दाखवून ड्राइव्ह कॅशमधलीच प्रत पुन्हा देतो. मग दोन वाचनं जुळल्याला काही अर्थ उरत नाही. ‘सी२’चा (ड्राइव्हने स्वतःच चूक कळवण्याचा) पर्याय बंद ठेवा. पुष्कळ ड्राइव्ह चूक झाली असूनही ती कळवत नाहीत. या मोडमध्ये प्रत्येक भाग दोनदा वाचला जातो. फरक आला की १६ वाचनांचा एक फेरा, त्यात ८ सारखी आली तर ती मान्य, नाहीतर पुढचा फेरा, असे जास्तीत जास्त ५ फेरे.

मग ऑफसेट. प्रत्येक मॉडेलचा ड्राइव्ह ठरावीक नमुने पुढे किंवा मागे सरकून वाचतो: कुणाचा +६, कुणाचा +३०, कुणाचा +६६७. ॲक्युरेटरिपच्या यादीत मॉडेल शोधून तो आकडा भरा. त्याशिवाय तुमचा चेकसम (फाइलमधल्या माहितीवरून काढलेला पडताळणीचा आकडा) दुसऱ्यांच्या चेकसमशी जुळणार नाही.

ॲक्युरेटरिप हाच तो पुरावा. त्याच सीडीची जगातली इतरांनी केलेली रिप आणि तुमची रिप यांचे चेकसम तिथे ताडले जातात. वेगळी सीडी, वेगळा ड्राइव्ह आणि तरी चेकसम तोच, हा योगायोग असू शकत नाही. जुळला की तो ट्रॅक निकालात निघाला. जुळला नाही म्हणजे रिप चुकलीच असं मात्र नाही. तुमची आवृत्ती वेगळ्या छपाईची असू शकते. सगळेच ट्रॅक जुळत नसतील तर छपाई वेगळी असण्याची शक्यता जास्त. दहा जुळले आणि शेवटचे दोन नाहीत, तर खोट त्या दोनांतच.

जी सीडी डेटाबेसमध्येच नाही तिच्यासाठी ‘टेस्ट अँड कॉपी’: दोनदा स्वतंत्र वाचून दोन्ही चेकसम सारखे येतात का ते पाहायचं. त्यातली दुसरी खेप वेगळ्या मॉडेलच्या ड्राइव्हवर घ्या. एकच ड्राइव्ह एकाच जागी दोन्ही वेळा सारखीच चूक करू शकतो.

‘नॉर्मलाइझ’ आणि ‘सुरुवातीची-शेवटची शांतता काढा’ हे दोन्ही पर्याय बंद असल्याची खात्री करा. लॉग (रिपचा अहवाल) आणि क्यू शीट (ट्रॅक कुठे सुरू होतात याची यादी) प्रत्येक अल्बमसोबत ठेवा. लॉग नसलेली रिप दहा वर्षांनी कुणालाही, तुम्हालासुद्धा, तपासता येणार नाही.

आता टकटकणारे ट्रॅक. आजचे ड्राइव्ह ठरावीक फेऱ्यांनी फिरतात, त्यामुळे ‘४८ पट’ हा वेग फक्त बाहेरच्या कडेला असतो, आतल्या बाजूला साधारण २० पट. म्हणजे जिथे थर खराब झालाय नेमकं तिथेच वाचन सगळ्यात वेगवान, आणि चकती थोडी असमतोल असली तर थरथरही तिथेच जास्त. वेग ४ किंवा ८ पटांवर बांधा. काही ड्राइव्ह फार हळू वेगात उलट बिघडतात, म्हणून ४, ८, १६ असं करून पाहा. तरी जमलं नाही तर दुसरा ड्राइव्ह, शक्यतो पूर्ण आकाराचा सव्वापाच इंची. लॅपटॉपच्या पातळ ड्राइव्हपेक्षा तो खराब सीडीवर बहुधा सरस ठरतो. यूएसबी ॲडॅप्टरने जोडणार असाल तर त्याला १२ व्होल्टचा स्वतंत्र पुरवठा लागतो हे लक्षात ठेवा.

आणि आणखी एक उपाय, क्यूटूल्स या प्रोग्रॅमचा डेटाबेस. तिथे चेकसमबरोबर दुरुस्तीची पॅरिटीही (चुकलेले नमुने परत काढता येतील अशी जादा माहिती) साठवलेली असते. खराब नमुने थोडे असतील तर तुमच्याच फाइल दुरुस्त होऊन मूळ सीडीशी बिट-न्-बिट जुळतात. ज्या सीडीवर तासन्‌तास वाया जातात तिथे हे पाच मिनिटांत होऊन जातं, त्यामुळे दोन-तीन ड्राइव्ह पालथे घालण्याआधी एकदा हे करून पाहा.

मंद्र

कारखान्याचं नाव पाहिलं. तपकिरी सीडींपैकी दोनांवर पीडीओ आहे.

दोन शंका. ओरखडे असलेल्या सीडींना पॉलिश करावं का? टूथपेस्टचा उपाय सगळीकडे सांगतात. आणि सीडी-आरचं काय करायचं?

बिंब

टूथपेस्ट नको. तिच्यातले कण सारखे नसतात, एक ओरखडा भरताना शंभर बारीक उठतात. यंत्राने केलेलं पॉलिश पॉलिकार्बोनेट घासून पातळ करतं. खालच्या बाजूच्या ओरखड्यावर त्याचा उपयोग होतो, पण ते रिप फसल्यावर, एकदाच. छापील बाजूच्या ओरखड्यावर कशाचाच इलाज नाही, तिथे थरच गेलेला असतो.

साध्या मळासाठी: कोमट ऊर्ध्वपातित पाणी, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, बोटाच्या टोकाने हलकं. स्वच्छ ऊर्ध्वपातित पाण्याने धुवा आणि मऊ मायक्रोफायबरने मधून बाहेर सरळ रेषेत पुसा. गोल पुसू नका. आडवा ओरखडा प्रत्येक फेऱ्यात ट्रॅक क्षणभर कापतो आणि दुरुस्तीच्या आवाक्यात राहतो. ट्रॅकच्या दिशेने गेलेला ओरखडा मात्र सलग लांब तूट पाडतो. बोटांचे तेलकट डाग असतील तर फक्त खालच्या बाजूला आयसोप्रोपिल अल्कोहोल चालेल. ॲसिटोन किंवा थिनर पॉलिकार्बोनेट पांढरं करून टाकतं.

सीडीवर कागदी लेबल चिकटवलेलं असेल तर ते सोलायचं नाही. लेबलाबरोबर लॅकर आणि चंदेरी थर दोन्ही निघून येतात.

उजेड

सीडी-आरवर लिहितो, कारण सगळ्यात जास्त घाई तिथे आहे.

यात खड्डे नसतात, सेंद्रिय रंगाचा थर असतो आणि राइट करताना लेसर तो ठिकठिकाणी भाजतो. प्रकाशाने, विशेषतः अतिनील किरणांनी, आणि उष्णतेने हा रंग उडत जातो. भाजलेल्या आणि न भाजलेल्या जागांतला फरक पुसट होतो. गडद निळ्या दिसणाऱ्या बहुधा ॲझो रंगाच्या, निळसर हिरव्या सायनिनच्या, आणि जवळजवळ चंदेरी, फिकट हिरव्या छटेच्या थॅलोसायनिनच्या. प्रकाशात सायनिन सगळ्यात लवकर जातं. पण रंग पाहून निर्धास्त होऊ नका, लॅकर आणि राइटिंगचा दर्जाही तितकाच महत्त्वाचा असतो. छापील सीडीला कडेकडून गंज लागतो तो दिसतो तरी. सीडी-आर बाहेरून ठणठणीत दिसत असताना आतून वाचता येईनाशी झालेली असते.

प्लेअर ओळखत नाही आणि संगणक उघडतो, याची दोन नेहमीची कारणं. एक, सीडी फायनलाइझ केलेली (राइटिंग पूर्ण करून बंद केलेली) नसणं. मग अनुक्रमणिका तिच्या ठरलेल्या जागी लिहिलेलीच नसते, आणि राइटर असलेला ड्राइव्ह ती दुसऱ्या तात्पुरत्या नोंदीतून शोधतो. दोन, ती सीडी-आर नसून सीडी-आरडब्ल्यू (पुसून पुन्हा राइट करता येणारी) असणं. छापील सीडी निदान ७० टक्के प्रकाश परतवते, आरडब्ल्यू १५ ते २५ टक्केच, आणि जुन्या प्लेअरला तेवढा पुरत नाही. राइटिंगच्या प्रोग्रॅममध्ये ‘डिस्क इन्फो’ उघडलं की दोन्ही गोष्टी कळतात. अपुरी सीडी दिसली तर ‘आता फायनलाइझ करून टाकू’ हा मोह टाळा. थकलेल्या रंगावर नवं राइटिंग करताना ड्राइव्ह मध्येच थांबला तर उरलेलंही हातचं जाईल. आधी वाचून घ्या, आणि वाचायला राइटर ड्राइव्हच वापरा.

ऑडिओ स्वरूपात राइट केलेल्या असतील तर वर सांगितलेली सिक्युअर पद्धत. ॲक्युरेटरिपमध्ये त्या सापडणार नाहीत, त्यामुळे दोन ड्राइव्हवर टेस्ट अँड कॉपी.

फाइल म्हणून (वेव्ह, एमपी३ वगैरे) राइट केलेल्या असतील तर पद्धत वेगळी. डेटा सीडीच्या २३५२ बाइटच्या सेक्टरमध्ये २०४८ बाइटच माहिती असते, उरलेल्यात जादा दुरुस्ती-संकेत, त्यामुळे ऑडिओपेक्षा त्या जास्त तग धरतात. फाइल एकेक करून ओढू नका. जीएनयू डीडीरेस्क्यूने (खराब डिस्कवरची माहिती वाचवणारा प्रोग्रॅम) पूर्ण सीडीची प्रतिमा, म्हणजे एकाच फाइलमध्ये हुबेहूब प्रत, घ्या: ब्लॉकचा आकार २०४८, पहिली फेरी खराब जागा न खरवडता, मॅप फाइल (कुठले सेक्टर वाचले, कुठले राहिले याची नोंद) ठेवून. मग दुसरी फेरी थेट वाचनाने, तीन पुनःप्रयत्नांसह. आता सीडी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घाला आणि तीच प्रतिमा, तीच मॅप फाइल देऊन पुन्हा चालवा. पहिल्याने न वाचलेले सेक्टरच तो मागतो. एका ड्राइव्हला न दिसलेले सेक्टर दुसऱ्याला दिसणं अगदी नेहमीचं आहे, आणि तीन ड्राइव्हांच्या तुकड्यांतून पूर्ण प्रतिमा उभी राहते. ऑडिओ सीडीवर डीडीरेस्क्यू चालत नाही, तिथे वेळ घालवू नका.

चक्रनेमी

उजेड यांच्या मुद्द्याला जोड: सीडी-आर बाहेरून कळत नाही, पण मोजता येते. क्यूपीएक्सटूल या प्रोग्रॅमने आणि काही ठरावीक ड्राइव्हवर (जुने प्लेक्स्टर, लाइट-ऑन) पहिल्या टप्प्यातल्या त्रुटी दर सेकंदाला किती ते दिसतं. सेकंदाला ७३५० फ्रेम (माहितीचे छोटे गट) वाचल्या जातात आणि मानकाची मर्यादा २२०, म्हणजे ३ टक्के. आकडा ड्राइव्हगणिक बदलतो, म्हणून एकाच ड्राइव्हवर, एकाच वेगाने मोजून वर्षाच्या अंतराने ताडा. आलेख कडेकडे चढत असेल तर ती सीडी रांगेत पुढे आणा.

दुसरी_प्रत

साठवणीबद्दल.

स्वरूप फ्लॅक. लॉसलेस आहे, म्हणजे आकार घटतो पण ध्वनी जसाच्या तसा राहतो, आणि २०२४ साली त्याचं आयईटीएफचं (इंटरनेटची मानकं ठरवणारी संस्था) मानक प्रसिद्ध झालं (आरएफसी ९६३९), त्यामुळे एखादी कंपनी बंद पडली म्हणून वाचता न येण्याचा प्रश्न नाही. ० ते ८ या पातळ्यांत आवाजाचा काहीही फरक नसतो, फक्त आकाराचा आणि लागणाऱ्या वेळेचा. ७४ मिनिटांची सीडी कच्च्या स्वरूपात सुमारे ७८३ एमबी, फ्लॅकमध्ये साधारण त्याच्या ५० ते ६५ टक्के. चारशे सीडी २०० जीबीच्या आतबाहेर. एक टीबीच्या हार्ड डिस्कवरही असे तीन संग्रह मावतील, म्हणून जागा वाचवण्यासाठी काहीही करू नका.

फ्लॅकची सगळ्यात मोलाची गोष्ट: प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला मूळ ऑडिओचा एमडी५ (एक प्रकारचा चेकसम) साठवलेला असतो. फ्लॅकच्या ‘टेस्ट’ पर्यायाने पूर्ण संग्रह तपासता येतो आणि एक बिट जरी फिरला तरी फाइलचं नाव घेऊन सांगितलं जातं. हा एमडी५ फक्त ऑडिओचा असल्यामुळे टॅग बदलले तरी तो बिघडत नाही. एसएचए-२५६ची (आणखी एक चेकसम) यादी आणि पार२ (दुरुस्तीसाठी जादा फाइल बनवणारी पद्धत) हे मात्र पूर्ण फाइलवर चालतात, म्हणून टॅगचं काम संपल्याशिवाय ते करू नका. पार२ १० टक्के ठेवलं तर खराब झालेला तेवढा भाग परत मिळवता येतो.

प्रती तीन: रोजच्या वापराची, दुसऱ्या हार्ड डिस्कवरची, आणि तिसरी वेगळ्या इमारतीत. दोन डिस्क एकाच खेपेत घेऊ नका, एकाच कारखान्याच्या एकाच तुकडीतल्या नको. आपोआप सिंक होणारा फोल्डर म्हणजे बॅकअप नव्हे. इकडे चुकून पुसलेली फाइल तिकडेही पुसली जाते. कपाटात बंद ठेवायला एसएसडी घेऊ नका, वीज नसताना तिच्यातला विद्युतभार हळूहळू गळतो. हार्ड डिस्क वर्षातून एकदा जोडा, पूर्ण टेस्ट चालवा, आणि पाच-सहा वर्षांनी सगळं नव्या डिस्कवर हलवा, जुनी चालत असली तरी.

पुस्तिका ६०० डीपीआयवर स्कॅन करा. कोण वाजवतंय, कुठे ध्वनिमुद्रण झालं हे बऱ्याचदा फक्त तिथेच छापलेलं असतं.

सीडी फेकू नका. त्या उभ्या, कडक डब्यात, १८ ते २३ अंश सेल्सिअस आणि ३० ते ५० टक्के आर्द्रतेत राहू द्या. पीव्हीसीचे मऊ पाऊच काढून पॉलिप्रॉपिलीनचे घाला, पीव्हीसीतलं प्लास्टिसायझर सीडीवर उतरतं. डब्यातून काढताना मधली खुंटी दाबा आणि मग उचला, सीडी वाकवून ओढू नका. सीडी-आरवर लिहायचंच असेल तर मधल्या पारदर्शक कड्यावर, पाण्याच्या शाईच्या पेनाने.

सहस्रबिंदू

एक राहिलं होतं. १९८०च्या दशकातल्या काही सीडी प्री-एम्फसिसने बनवलेल्या आहेत: ध्वनिमुद्रणात तार स्वर मुद्दाम उचललेले, आणि प्लेअर ते परत खाली आणतो. रिपमध्ये हे परत खाली येणं होत नाही, आणि गाणं कर्कश लागतं. क्यू शीटमध्ये ‘फ्लॅग्ज प्री’ अशी ओळ आहे का ते पाहा. काही सीडींवर ही खूण अनुक्रमणिकेत नसून ट्रॅकच्या उपसंकेतातच असते, म्हणून सगळी माहिती वाचणाऱ्या प्रोग्रॅमने तपासा. असेल तर मूळ फ्लॅक जशीच्या तशी ठेवा, आणि ऐकण्यासाठी सॉक्स या प्रोग्रॅमच्या ‘डीएम्फ’ने वेगळी २४ बिट प्रत करा.

उजेड

मराठी नावांबद्दल एक सूचना. फाइलचं नाव ‘०७’ एवढंच ठेवा, शीर्षक टॅगमध्ये लिहा. ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो: एकच अक्षर म्हणून, किंवा ‘र’ अधिक नुक्ता म्हणून. मॅकची जुनी एचएफएस प्लस पद्धत नाव दुसऱ्या प्रकारात मोडून ठेवते. अशा डिस्कवरून ‘ताऱ्यांच्या’ नावाची फाइल लिनक्सवर आली की डोळ्यांना तेच दिसतं, पण एसएचए-२५६च्या यादीतल्या नावाशी ते जुळत नाही आणि फाइल ‘सापडली नाही’ असं उत्तर येतं. फोल्डरच्या नावात मराठी हवंच असेल तर सगळी नावं एनएफसी रूपात (वरच्यापैकी पहिला, एकच अक्षराचा प्रकार) करून घ्या आणि मगच यादी बनवा.

मंद्र

उद्या सीडी-आरपासून सुरू करतो: आधी डिस्क इन्फो, मग ज्या फाइल स्वरूपात आहेत त्यांच्यावर डीडीरेस्क्यू. पीडीओच्या सीडी त्यानंतर ८ पटांवर. ज्या ट्रॅकवर दोन्ही ड्राइव्ह अडले त्यांचे लॉग इथेच टाकेन.